विंडोज न काढता लिनक्स : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची होती. लॅपटॉपवर विंडोज आहे, ते तसेच ठेवायचे आहे आणि त्याच्या शेजारी लिनक्सही हवे आहे. या व्यवस्थेला ड्युअल बूट म्हणतात. एकाच लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदतात आणि लॅपटॉप सुरू करताना आपण त्यांपैकी एक निवडतो. काही वाचकांनी कामाला हात घालण्यापूर्वी लिहिले होते, तर काहींनी अर्ध्यावर अडकल्यानंतर. परंतु अडचणींचा माग काढत गेल्यावर त्यांचे मूळ बहुतेक वेळा विंडोजमध्ये आधी करायच्या, पण राहून गेलेल्या एखाद्या गोष्टीत सापडले. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे आणि अनेक वर्षांच्या टिपणांपासून घरच्या छायाचित्रांपर्यंत सगळे त्यातच आहे. मला शेजारी उबुंटू ही लिनक्सची एक आवृत्ती बसवून शिकायचे आहे, पण यातले काहीही गमावणे मला परवडणार नाही. सुरुवात कोठून करावी, आणि कोणती गोष्ट विसरली तर खरोखर नुकसान होते?

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. लिनक्सला जागा देण्यासाठी पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या एका तुकड्याचा, आकार बदलण्याचे काम आजची साधने बहुतेक वेळा निर्विघ्नपणे पार पाडतात. परंतु ते चालू असताना वीज गेली, बॅटरी संपली किंवा डिस्कचा एखादा भाग आधीच खराब झालेला निघाला, तर फाइली वाचतीलच अशी हमी कोणतेही साधन देत नाही. म्हणून पहिले काम बॅकअपचे. तो त्याच लॅपटॉपच्या 'डी' ड्राइव्हवर घेऊ नका, कारण 'डी' हा बहुधा त्याच डिस्कचा दुसरा तुकडा असतो आणि डिस्क गेली की दोन्ही एकदमच जातात. बाहेरच्या हार्ड डिस्कवर फाइली उतरवा, ती दुसऱ्या संगणकाला जोडा आणि निरनिराळ्या फोल्डरांतल्या काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपला मी बॅकअप मानत नाही, आणि तुम्हीही मानू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तुम्ही विचारलेले खरे नुकसान तिच्यामुळेच होऊ शकते. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपांवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर, संपूर्ण ड्राइव्ह आपोआप कूटबद्ध (एन्क्रिप्ट) होतो. ही बिटलॉकर या विंडोजच्या ड्राइव्ह कुलूपबंद करणाऱ्या सोयीचीच सोपी आवृत्ती असून सेटिंग्जमधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या भागात ती 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने दिसते. तुम्ही स्वतः ती कधी चालू केली नसली तरी ती चालू असू शकते. लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, यंत्रातच साठवलेल्या प्रोग्राममध्ये) किंवा सुरू होण्याच्या क्रमात काही बदलले की ती व्यवस्था सावध होते आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती जवळ नसेल तर डिस्क धडधाकट असूनही तिच्यातील एकही अक्षर वाचता येत नाही. ही की सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर जतन केलेली असते. काम सुरू करण्यापूर्वी ती शोधा आणि कागदावर लिहून लॅपटॉपपासून वेगळी ठेवा. शक्य असेल तर इन्स्टॉल होईपर्यंत एन्क्रिप्शन पूर्णपणे बंदच करावे. डिस्क मोठी असेल तर उलगडण्याला काही तास लागू शकतात, पण उबुंटूचे सोपे पर्याय एन्क्रिप्शन चालू असताना अडून बसतात, त्यामुळे हा वेळ पुढे वाचतो.

तिसरी गोष्ट 'फास्ट स्टार्टअप'. ही सोय चालू असताना तुम्ही 'शट डाउन' म्हटले तरी विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ते अर्धवट झोपते आणि पुढच्या वेळी तेथूनच उठते. या अवस्थेत ड्राइव्हवरच्या नोंदी अर्धवट उघड्या राहतात आणि लिनक्सने त्याच ड्राइव्हवर काही लिहिले, तर विंडोजच्या स्मरणातील चित्र आणि डिस्कवरचे वास्तव यांचा मेळ राहत नाही. 'रीस्टार्ट' मात्र खरोखर सगळे बंद करून पुन्हा सुरू करते. कंट्रोल पॅनेलमधील 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये, पॉवरचे बटण काय करते हे ठरवण्याच्या पानावर, 'फास्ट स्टार्टअप'समोरची खूण काढून टाका आणि दोन्ही सिस्टिम नांदत आहेत तोपर्यंत ती पुन्हा लावू नका.

यानंतर जागा मोकळी करायची. हे काम लिनक्सचा इन्स्टॉलरही करू शकतो, पण विंडोजच्या पार्टिशनला विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट'मधून लहान करणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण आपल्या फाइली कोठे आहेत हे त्याला सर्वांत चांगले ठाऊक असते. 'सी' ड्राइव्हवर उजवी क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा. उबुंटू साधारण २५ जीबीमध्ये बसते, पण शिकायचे म्हणजे नवनवे प्रोग्राम बसवायचे आणि अद्ययावत आवृत्त्या घ्यायच्या, म्हणून किमान ६० जीबी द्यावेत आणि डिस्क ऐसपैस असेल तर १००. ड्राइव्हवर दोनशे जीबी मोकळे असताना विंडोज फक्त दहा-पंधरा जीबी सोडायला तयार होते, असा अनुभव अनेकांना येतो. कारण असे की हायबरनेशनची फाइल, पेजिंग फाइल आणि सिस्टिम रिस्टोअरच्या नोंदी जागेवरून हलवता येत नाहीत आणि त्यांपैकी एखादी ड्राइव्हच्या मध्यावर किंवा शेवटाकडे पडलेली असते. या तिन्ही सोयी तात्पुरत्या बंद करून, लॅपटॉप रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न केला की बहुधा जागा मिळते. नंतर पेजिंग फाइल आणि रिस्टोअर पुन्हा चालू करावे. मोकळ्या झालेल्या जागेवर विंडोजमध्ये नवे ड्राइव्ह बनवू नका. ती 'अनअलोकेटेड' अशीच राहू द्या.

आता पेनड्राइव्ह. तुमच्या डिस्ट्रोच्या (उबुंटूसारख्या लिनक्सच्या आवृत्तीला डिस्ट्रो म्हणतात) अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलरची संपूर्ण प्रत, उतरवून घेतल्यावर तिचा चेकसम जुळतो का ते पाहा. हा ६४ वर्णांचा संकेत असून फाइलमधील एक बिट जरी बदलला तरी तो पूर्णपणे वेगळा येतो, त्यामुळे अर्धवट उतरलेली फाइल येथेच पकडली जाते. फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रूफस किंवा एचर यांसारख्या प्रोग्रामने ती अशी लिहावी लागते की लॅपटॉप तिच्यावरून सुरू होऊ शकेल. पेनड्राइव्ह ८ जीबीचा असला तर पुरतो. त्यावरील जुने सगळे पुसले जाते. नंतर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडले की 'यूज अ डिव्हाइस' हा पर्याय येतो आणि कोणत्या कंपनीच्या लॅपटॉपला कोणती कळ लागते हे शोधत बसावे लागत नाही.

पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू झाल्यावर लगेच इन्स्टॉल करू नका. 'ट्राय' हा पर्याय निवडल्यास सगळे मेमरीत चालते आणि डिस्कला हात लागत नाही. या अवस्थेत वाय-फाय जोडा, आवाज ऐका, कॅमेरा उघडा, टचपॅड वापरून पाहा, पडद्याचा उजेड कमी-जास्त करा, आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर लॅपटॉप नीट जागा होतो का तेही तपासा. यासाठी एक संध्याकाळ खर्च झाली तरी ती सत्कारणी लागते. येथे वाय-फाय चालत नसेल, तर इन्स्टॉल केल्यानंतरही ते आपोआप चालू होण्याची शक्यता कमी असते, आणि ही माहिती डिस्कला हात लावण्यापूर्वी मिळालेली बरी.

प्रश्न : मला फक्त लिनक्सच्या काही आज्ञा शिकायच्या आहेत आणि थोडे प्रोग्रामिंग करायचे आहे. त्यासाठी ड्युअल बूट आवश्यक आहे का?

उत्तर : नाही. विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय डब्ल्यूएसएल या नावाने २०१६ पासून उपलब्ध आहे आणि आज्ञा, स्क्रिप्ट, कंपायलर यांच्यासाठी ती पुरेशी आहे. संपूर्ण डेस्कटॉप पाहायचा असेल तर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्राममध्ये आभासी संगणक तयार करता येतो. तो बिघडला तर एक फोल्डर पुसून पुन्हा सुरुवात करता येते. ड्युअल बूटचा खरा लाभ लिनक्सला लॅपटॉपची संपूर्ण मेमरी, ग्राफिक्स कार्ड आणि बॅटरी मिळते यात आहे. लिनक्सलाच रोजची सिस्टिम करण्याचा विचार असेल, तर मात्र ते प्रत्यक्ष यंत्रावरच वापरून पाहावे लागते.

प्रश्न : इन्स्टॉलर सुरू होतो, पण त्यात लॅपटॉपची डिस्कच दिसत नाही, केवळ पेनड्राइव्ह दिसतो. विंडोज मात्र व्यवस्थित चालू आहे. डिस्क खराब झाली आहे का?

उत्तर : डिस्क चांगली आहे, कारण विंडोज तिच्यावरूनच सुरू होत आहे. इंटेलचे प्रोसेसर असलेल्या अनेक लॅपटॉपांवर डिस्क थेट समोर न ठेवता आरएसटी किंवा व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे ठेवलेली असते. विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर आधीच बसवलेला असतो. लिनक्सच्या इन्स्टॉलरला ती डिस्क पलीकडून दिसत नाही. लिनक्सच्या अलीकडच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, व्हीएमडीसाठी आधार आहे, म्हणून प्रथम त्याच डिस्ट्रोची सर्वांत नवी आवृत्ती वापरून पाहा.

तरीही डिस्क दिसली नाही, तर फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये व्हीएमडी बंद करावे लागते किंवा डिस्कचा प्रकार 'रेड'वरून (RAID) 'एएचसीआय' (AHCI) असा बदलावा लागतो. परंतु हा बदल थेट केला तर पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना निळा पडदा येतो, कारण नव्या मार्गाने डिस्कपर्यंत पोचण्याचा ड्रायव्हर त्याने सुरुवातीलाच घेतलेला नसतो. त्यासाठीचा क्रम असा आहे. बिटलॉकर स्थगित करा. 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' या प्रोग्राममध्ये 'सेफ बूट'वर खूण करा. लॅपटॉप रीस्टार्ट करून सरळ फर्मवेअरमध्ये जा आणि तेथे बदल करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडले की योग्य ड्रायव्हर घेते, मग ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करा. सेफ मोडमध्ये पिन स्वीकारला गेला नाही तर खात्याचा मूळ पासवर्ड लागतो, म्हणून तो आधीच आठवून ठेवावा. दोन डिस्क खरोखरच एकत्र जोडून वापरल्या असतील किंवा ऑप्टेन ही इंटेलची डिस्क वेगवान करणारी सोय चालू असेल, तर मात्र ती जोडणी इंटेलच्या प्रोग्राममधून रीतसर सोडवल्याशिवाय हा बदल करू नये.

प्रश्न : इन्स्टॉलरमध्ये 'विंडोजच्या शेजारी बसवा', 'डिस्क पुसून बसवा' आणि 'स्वतः ठरवा' असे पर्याय दिसतात. तिसरा पर्याय जाणकारांचा म्हणून उत्तम, असे मला सांगण्यात आले आहे. पार्टिशन किती आणि कोणती करावीत? स्वॅप आणि होम वेगळे हवेत का?

उत्तर : 'शेजारी बसवा' हा पर्याय दिसत असेल आणि तुम्ही जागा आधीच मोकळी केली असेल, तर तोच घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही आणि निकाल सारखाच लागतो. 'डिस्क पुसून' या पर्यायाचा अर्थ शब्दशः घ्यायचा असतो: तो विंडोज, 'डी' ड्राइव्ह आणि निर्मात्याची रिकव्हरी या सगळ्यांसह संपूर्ण डिस्क रिकामी करतो. 'शेजारी' हा पर्याय यादीत नसेल, तर इन्स्टॉलरला विंडोज ओळखता आलेले नाही असे समजावे आणि कारण शोधावे. एन्क्रिप्शन, फास्ट स्टार्टअप किंवा चुकीच्या पद्धतीने सुरू केलेला पेनड्राइव्ह यांपैकी काहीतरी असते. शेवटचे कारण जरा उलगडून सांगतो. फर्मवेअरची बायोस ही जुनी पद्धत आणि यूईएफआय ही नवी, अशा दोन्ही सांभाळणाऱ्या लॅपटॉपांत एकच पेनड्राइव्ह बूटच्या यादीत दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा 'यूईएफआय' हा शब्द पुढे लावून. विंडोज ज्या पद्धतीने बसवलेले आहे त्याच पद्धतीने लिनक्सही बसले पाहिजे, आणि विंडोजची पद्धत 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड' या ओळीत लिहिलेली असते.

स्वतः ठरवायचेच असेल, तर लिनक्समध्ये 'सी' आणि 'डी' ही नावे दिसत नाहीत हे ध्यानात घ्या. तेथे पार्टिशन त्याच्या आकारावरून आणि प्रकारावरून ओळखावे लागते, म्हणून विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मधला तक्ता आधीच मोबाइलमध्ये टिपून ठेवा. साधारणपणे सुरुवातीला शंभर ते काहीशे एमबीचे, फॅट-३२ प्रकारचे ईएफआय पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींचे) असते, नंतर मायक्रोसॉफ्टने राखून ठेवलेले १६ एमबी, मग मोठे एनटीएफएस म्हणजे तुमचे विंडोज, आणि कोठेतरी रिकव्हरीचे छोटे पार्टिशन. यांपैकी कोणत्याही पार्टिशनसमोर 'फॉरमॅट'ची खूण नाही, हे पुढे जाण्यापूर्वी एकेक ओळ वाचून पाहावे. ईएफआय पार्टिशन दोन्ही सिस्टिमना सामाईक असते: लिनक्स त्यात आपले वेगळे फोल्डर करते आणि विंडोजचे फोल्डर जसेच्या तसे राहते. ते चुकून फॉरमॅट झाले तर विंडोजच्या सगळ्या फाइली जागेवर असूनही विंडोज सुरू होत नाही. उबुंटूसाठी शंभर एमबीचे ईएफआय पार्टिशन पुरते. कर्नलही तेथेच ठेवणाऱ्या पॉप ओएससारख्या डिस्ट्रोंना ते अपुरे पडते.

मोकळ्या जागेत एक्स्ट-४ या लिनक्सच्या प्रकारचे एकच मूळ पार्टिशन करावे, असे माझे मत आहे. होम वेगळे ठेवल्यास पुढे सिस्टिम नव्याने बसवताना वैयक्तिक फाइली बाजूला राहतात, हे खरे. पण ऐंशी जीबीचे दोन तुकडे केले की वर्षभरात एक तुकडा गच्च भरतो आणि दुसरा रिकामा राहतो. स्वॅपसाठी, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यावर डिस्कवर वापरायच्या जागेसाठी, वेगळे पार्टिशन आता लागत नाही, उबुंटू २०१७ पासून स्वॅपची फाइलच तयार करते. लिनक्समध्ये हायबरनेट वापरायचे असेल, तरच मेमरीइतक्या स्वॅपची तजवीज करावी.

प्रश्न : एका परिचिताच्या सांगण्यावरून मी 'सिक्युअर बूट' बंद केले. आता विंडोज निळ्या पडद्यावर ४८ अंकी की मागत आहे. माझा डेटा गेला का? आणि लिनक्ससाठी सिक्युअर बूट बंद करावेच लागते का?

उत्तर : डेटा जागेवर आहे. लॅपटॉपमधील टीपीएम नावाची सुरक्षा चिप विंडोजच्या ड्राइव्हचे कुलूप उघडण्यापूर्वी फर्मवेअरची स्थिती पूर्वीसारखी आहे का ते पाहते. तुम्ही ती बदलली, म्हणून तिने कुलूप उघडले नाही. फर्मवेअरमध्ये जाऊन सिक्युअर बूट (मान्य स्वाक्षरीचेच प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय) पुन्हा चालू करा. बहुतेक वेळा एवढ्याने विंडोज की न मागता उघडते. उघडले नाही, तर दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन की पाहा. लॅपटॉप कार्यालयाचा असेल तर ती तेथील संगणक विभागाकडे असते. की सापडेपर्यंत विंडोज रीसेट करण्याचा पर्याय कृपा करून निवडू नका, कारण त्यानंतर परत मिळवण्यासारखे काही उरत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की उबुंटू, फेडोरा, ओपनसूसे आणि २०१९ मधील दहाव्या आवृत्तीपासून डेबियन या सगळ्या डिस्ट्रो सिक्युअर बूट चालू ठेवून बसतात. त्यांचा शिम नावाचा छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टने स्वाक्षरी केलेला असतो आणि तो पुढच्या प्रोग्रामांची खातरजमा करतो. काही नव्या लॅपटॉपांत अशा स्वाक्षऱ्यांना मान्यता देणारा 'थर्ड पार्टी सीए' हा पर्याय कारखान्यातूनच बंद असतो. तेवढा चालू करावा लागतो. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर किंवा काही वाय-फाय ड्रायव्हर बसवताना इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळ्या पडद्यावर 'एन्रोल एमओके' असा पर्याय दाखवतो. तेथे तो निवडायला थोडा वेळच मिळतो. तो पडदा ओळखू न आल्याने अनेक जण पुढे निघून जातात आणि मग ड्रायव्हर बसला असूनही चालत का नाही, हे त्यांना कळत नाही.

प्रश्न : लिनक्स व्यवस्थित बसले, निवडीची यादीही येत होती. विंडोजच्या एका मोठ्या अपडेटनंतर यादी नाहीशी झाली आणि लॅपटॉप थेट विंडोजमध्ये जातो. लिनक्स पुसले गेले असावे का?

उत्तर : पुसले गेलेले नाही. यूईएफआय लॅपटॉपमध्ये कोणत्या सिस्टिमला आधी संधी द्यायची याचा क्रम फर्मवेअर आपल्याजवळ नोंदवून ठेवते आणि अपडेटनंतर कधीकधी 'विंडोज बूट मॅनेजर' त्या क्रमात सर्वांत वर जाऊन बसतो. फर्मवेअरच्या बूट विभागात जाऊन 'उबुंटू' ही नोंद पुन्हा वर आणा, एवढेच काम आहे. नोंदच दिसत नसेल, तर इन्स्टॉलसाठी वापरलेल्या पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ती परत तयार करता येते. तो पेनड्राइव्ह पुसून दुसऱ्या कामाला लावू नये, असे मी म्हणतो ते यासाठीच.

ऑगस्ट २०२४ मध्ये याहून गंभीर प्रकार घडला होता. विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने जुन्या शिमना नाकारणारी यादी लॅपटॉपमध्ये लिहिली. ती ड्युअल बूटच्या यंत्रांवर लागू होणार नाही असे सांगण्यात आले होते, तरी प्रत्यक्षात अनेक यंत्रांवर झाली आणि लिनक्स सुरू होताना 'एसबॅट'ची, म्हणजे या यादीशी ताडून पाहण्याची, तपासणी फसल्याचा संदेश येऊन लॅपटॉप बंद पडू लागला. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये जाणे, शिमसह सगळे अद्ययावत करणे आणि मग ते पुन्हा चालू करणे, असा त्यावरचा मार्ग होता. दोन्ही सिस्टिम नियमितपणे अद्ययावत ठेवल्या तर अशी वेळ क्वचितच येते. महिनोन्महिने केवळ विंडोज वापरून लिनक्स विसरणाऱ्यांना ती अधिक गाठते.

याच्या उलट तक्रारही काही पत्रांत आहे, की यादी येते पण तिच्यात विंडोज नसते. निवडीची यादी दाखवणाऱ्या ग्रब या बूटलोडरच्या २०२१ मधील २.०६ या आवृत्तीपासून इतर सिस्टिम शोधणारा 'ओएस-प्रोबर' मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तो चालू करून यादी नव्याने तयार केली की विंडोज तिच्यात येते. बिटलॉकर चालू ठेवणाऱ्यांनी मात्र विंडोज ग्रबच्या यादीतून न उघडता फर्मवेअरच्या बूट मेनूतून उघडावे, अन्यथा रिकव्हरी की पुन्हा पुन्हा मागितली जाऊ शकते.

प्रश्न : लिनक्स वापरून विंडोजमध्ये परतलो की घड्याळ काही तासांनी चुकलेले असते. बॅटरी बदलावी का?

उत्तर : बॅटरीचा दोष नाही. लॅपटॉपच्या मदरबोर्डवरील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहिते, तर लिनक्स त्याच घड्याळात जागतिक प्रमाणवेळ म्हणजे यूटीसी ठेवते. तुमचे घड्याळ तुमच्या प्रदेशाच्या आणि यूटीसीच्या फरकाइतकेच चुकत असेल, हे मोजून पाहा. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला एका आज्ञेने सांगता येते. विंडोजला रजिस्ट्रीतील एका नोंदीने यूटीसी मानायला लावता येते. दोन्हींपैकी एकच करावे. मला दुसरा मार्ग अधिक नीटस वाटतो, पण रजिस्ट्रीत हात घालण्याची सवय नसेल तर पहिला पुरेसा आहे.

प्रश्न : लिनक्समधून विंडोजच्या फाइली उघडतात, पण बदल करून जतन करता येत नाहीत. विंडोजमधून तर लिनक्सच्या फाइली दिसतच नाहीत.

उत्तर : ड्राइव्ह केवळ वाचण्यापुरता उघडत असेल, तर विंडोज पूर्णपणे बंद झालेले नाही. पहिल्या उत्तरातील 'फास्ट स्टार्टअप' पाहा. एखाद्या अपडेटने ते पुन्हा चालू केले असण्याचीही शक्यता असते. जबरदस्तीने लिहिण्याचे मार्ग सांगितले जातात, पण ते वापरू नयेत, कारण लिनक्स येथे तुमच्या फाइलींचे रक्षणच करत आहे. विंडोजला एक्स्ट-४ स्वतःहून वाचता येत नाही, म्हणून दोन्हीकडे लागणाऱ्या फाइलींसाठी एनटीएफएसचे एक स्वतंत्र पार्टिशन ठेवावे.

प्रश्न : काही महिने वापरून पाहिल्यावर लिनक्स काढायचे ठरवले, तर विंडोजला धक्का न लावता ते कसे करावे?

उत्तर : क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम लिनक्समधील आपल्या फाइली बाहेर काढून घ्या, कारण नंतर विंडोजमधून त्या वाचता येणार नाहीत. मग फर्मवेअरमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' सर्वांत वर आणा आणि लॅपटॉप दोन-तीनदा बंद-चालू करून तो ग्रबशिवाय थेट विंडोजमध्ये जातो याची खात्री करा. ती झाल्यावरच 'डिस्क मॅनेजमेंट'मधून लिनक्सचे पार्टिशन काढा. आधी पार्टिशन काढले तर ग्रबला आपल्याच फाइली सापडत नाहीत आणि पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर 'ग्रब' एवढा एकच शब्द उभा राहतो. ईएफआय पार्टिशन मात्र काढू नका, त्यात विंडोजचेही फोल्डर आहे. लिनक्सचे काही एमबींचे फोल्डर तेथे पडून राहिले तरी त्याचा त्रास होत नाही.

मोकळी झालेली जागा 'सी' ड्राइव्हला परत जोडण्यासाठी 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' वापरावे. तो पर्याय फिकट दिसत असेल, तर 'सी' आणि मोकळी जागा यांच्या मध्ये रिकव्हरीचे पार्टिशन आलेले असते, कारण विंडोज केवळ लगेच उजवीकडे असलेली जागाच जोडून घेऊ शकते. अशा वेळी रिकव्हरीचे पार्टिशन हलवण्याच्या फंदात न पडता त्या जागेचे वेगळे ड्राइव्ह बनवावे आणि आपला बॅकअप नसलेली कोणतीही फाइल त्यात ठेवू नये.